गारांतली हाक

माहूरच्या रेणुकेशी माझा अबोला होता, असं सांगितलं तर लोक हसतील. दिवा रोज लावायची, मंगळवारचा उपवासही कधी मोडला नाही, पण मनातलं बोलणं बंद केलं होतं. माझी थोरली लेक बाळंतपणात गेली. निरोप मिळताच मी धावत निघाले होते, पण पोचले तेव्हा तिला न्यायची तयारी चाललेली. जिवंतपणी तिचा हात एकदाही हातात घेता आला नाही. तेव्हापासून देवघरासमोर बसलं की एकच तोंडाशी यायचं, बाई, तू आई कशाची!

नवं मराठी राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. माघाच्या थंडीत धाकटीच्या सासरहून आमच्या घरी नेरला निरोप आला, दिवस भरायच्या आतच पोट दुखायला लागलं, लवकर या. तिला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण मध्येच ताप आला आणि विहीणबाईंनी पाठवली नाही. त्यावरून आमची चांगलीच वाजली होती. माझी जीभ तिखट, हे सगळ्या आळीला ठाऊक. निरोप ऐकला आणि माझं काळीजच फाटलं. दारव्ह्याची मोटार धरली, तिथून दिग्रसची, पुढं तिसरी. वाटभर देवीला एवढंच म्हणत होते, या वेळी तरी वेळेवर पोचव, मग तुझं काय ते तू बघ.

दिग्रस मागं पडलं आणि दुपारीच अंधारून आलं. आधी टपावर ताशा वाजल्यागत झालं, मग आवळ्याएवढ्या गारा. काचा फुटल्या, बायाबापड्या सिटाखाली शिरल्या. गारा थांबल्या तेव्हा बाहेर जे दिसलं, तसं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बद्रीनाथाला जाऊन आलेले लोक बर्फाचं सांगायचे, ते आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना खरं वाटायचं नाही. आता रस्ता, शेतं, बांध, सगळं एकसारखं पांढरं. गहू झोपलेला, निंबाची खांदी मोटारीसमोर आडवी. डायव्हर म्हणाला, "गाडी काही हालत नाही आता. मागच्या गावात चला सारे."

"माह्यी पोरगी तिकडं अडली हाय, मी मागं कायले जाऊ?" मी म्हटलं आणि लुगडं खोचून पुढं निघाले. कोणी अडवलं, तर त्यालाही दोन शब्द ऐकवले. पायांत गारांचा चुरा, बोटं बधिर झालेली. रस्ता कुठला, रान कुठलं, कळत नव्हतं. समोर सपाट दिसेल तोच रस्ता, असं धरून चालले होते.

तेवढ्यात वाऱ्यातून हाक आली. "ए येडी! येडीऽऽ!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीसाठी जीव जाऊन राह्यला आणि हा कोण मला येडी म्हणणारा? मी गर्रकन वळले. बांधावरून एक गडी काठी घेऊन पळत येत होता.

"येडी कोणाले म्हणतं रे? तुही माय येडी असन!"

तो धापा टाकत उभा राहिला आणि गोंधळून म्हणाला, "हाव नं. मायलेच तं याडी म्हणतो आम्ही."

पलीकडच्या तांड्यातला बंजारा होता तो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मग त्यानं हातातली काठी माझ्यापुढं, त्या सपाट पांढऱ्यावर फेकली. काठी आत गेली आणि नाहीशीच झाली. तिथं नाला होता. त्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, पाण्याखाली गेलेला आणि वर गारांचा थर तरंगत होता. रागानं वळले नसते तर पुढचं पाऊल त्यातच पडलं असतं. तिथंच बसून मी हमसून हमसून रडले.

त्यानं मला तांड्यात नेलं. त्याच्या म्हाताऱ्या आईनं माझं ओलं लुगडं बदलवलं, चुलीपाशी बसवून गुळाचा चहा दिला, पाय चोळले. तिची अर्धी भाषा मला कळत नव्हती. पाणी उतरेपर्यंत जाता येत नाही, एवढं कळलं. माझ्या हातात काही म्हणता काही उरलं नव्हतं. इतक्या वर्षांनी मी देवीशी मनातलं बोलले. म्हटलं, माय, माझ्यानं होत नाही आता. पोरगी तुझी हाय, तूच पाह्य.

सकाळी त्यानं बंडी जुंपली आणि वरच्या वाटेनं मला लेकीच्या गावी पोचवलं. अंगण शांत. ती शांतता मला चांगली ठाऊक होती. बंडीतून उतरवेना. विहीणबाई बाहेर आल्या, डोळे लाल, केस विस्कटलेले. माझ्याकडं पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "नात झाली वं, बाई. दोघीही बऱ्या हायेत."

आत लेक पडली होती, कुशीत मूठभर जीव. मी तिचा हात धरला. उबदार होता. "लई वाट पाह्यली का गं?" मी विचारलं.

"पाह्यली नं. पण मामीनं मले एक घडी सोडलं नाही, माय. रातभर मांडीवर घेऊन बसली होती."

मामी म्हणजे तिची सासू. ज्या बाईवर माझा विश्वास नव्हता, तिच्याच मांडीवर माझी लेक वाचली. मला वेळेवर पोचव, असा हट्ट मी धरून बसले होते आणि देवी, माझी आई, माझ्याआधीच तिथं पोचली होती. दार धरून उभ्या असलेल्या विहीणबाईंच्या पायांवर मी डोकं ठेवलं. "अवं, हे काय करता!" म्हणत त्यांनी मला उठवलं आणि आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. तेव्हापासून देवीकडे मी काही मागत नाही असं नाही, मागते. पण मागून झालं की तिच्यावर टाकते, आणि मला झोप लागते.