नामदेवच्या हातावरची होडी

नवापुरात कुणी मूर्खपणा केला की अजून नामदेवचं नाव निघतं. निघायलाच हवं.

बाप तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आजा तांडेल, आणि हा दिवटा होडी बंदरातून सुटायच्या आत ओकायचा. शेवटी ब्याऐंशी साली बोईसरच्या एका कारखान्यात पिंपं भरायला लागला. तिथे हिंदी झाडायला शिकला, आणि इकडे सोजराबाईच्या जमनावर त्याचा जीव जडला. सोजराबाईचा नवरा एक होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. उरलेली दुसरी होडी चालवेल असा जावई तिला हवा होता. अशा वेळी शहाणा माणूस जाळं धरायला शिकला असता. याने गोंदून घ्यायचं ठरवलं. हातावर काहीतरी जबरदस्त दिसलं की सोजराबाई विरघळेल, ही याची अक्कल.

काय गोंदावं यावरून पावसाळाभर त्याने आमचं डोकं खाल्लं. कधी गरुड, कधी विंचू, कधी बाण घुसलेलं बदाम. आत्या म्हणाली, गावातल्या लाडकीकडे जा, आमच्या सगळ्यांचं तिनेच सुईने गोंदलंय. साहेबांना ते ठिपके बायकी वाटले. त्यांना मशीनचं पाहिजे होतं.

मनोरच्या बाजारात मशीनवाला बसायचा. त्याच्या फळीवरच्या चित्रांतून नामदेवने शेवटी शिडाची होडी निवडली. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठल्या बाजूला करू, असं त्या परक्या माणसाने विचारलंसुद्धा. याने बोटांकडे करायला सांगितलं. समोरून ऐटदार दिसेल म्हणे.

आमच्याकडचं शेंबडं पोरही भिंतीवर होडी काढताना नाळ घराकडे करतं. हातावर असेल तर खांद्याकडे. गेलेली होडी घरी यावी, एवढंच त्यातलं शास्त्र. लाडकीने न विचारता तशी काढली असती.

सूज उतरायच्या आत बाही दुमडून स्वारी सोजराबाईच्या ओट्यावर हजर. मी तिथेच बोंबील निवडत बसले होते. सोजराबाईने हात पुढे करायला लावला, बराच वेळ पाहिला.

"ही जानारी होडी हाय," ती म्हणाली. "माज्या घरातून एक अशीच गेली. आता दुसरी नको."

हा हसला. खरं सांगते, मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

पण तेवढ्याने सुधारेल तर तो नामदेव कसला! पुढच्या बाजाराला जाऊन त्याने होडी उलटी करून मागितली. गोंदलेलं पुसता येत नाही, म्हणून मशीनवाल्याने मागच्या टोकालाही एक नाळ काढून दिली. ते ध्यान घेऊन हा पुन्हा ओट्यावर. या वेळी जमनाच बाहेर आली. सुकटाची टोपली डोक्यावर घेता घेता तिने तो हात पाहिला.

"एक डाव आमच्या होडीत बसला असतास," ती म्हणाली, "तर कोरा हात बी चालला असता मला."

आणि ती बाजाराला निघून गेली. नामदेव बाही खाली ओढत तिथेच उभा राहिला.