दहावा डोस

लस येणार, लस येणार म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले, आणि एकदाची ती सकाळी नऊ वाजता निळ्या डब्यात, बर्फात बसून दवाखान्यात आली. फ्लूची लस. एकच बाटली, अंगठ्याएवढी. पण सिस्टरची लगबग अशी, की पाहणाऱ्याला वाटावं घरात लग्न निघालंय. तिने फ्रीजचं तापमान तीनदा पाहिलं, खुर्च्या पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. शेवटी डॉक्टरबाई केबिनमधून म्हणाल्या, "सिस्टर, खुर्च्यांना नाही टोचायचंय."

ही सिस्टर काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. वय बावन्न, उंची बेताची, आणि चालणं कसलं, धावणंच. याच दवाखान्यात सव्वीस वर्षं झाली. माणसाचं नाव विसरेल, पण दंड विसरणार नाही. तोंडाने फटकळ. "दुखेल का हो?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "दुखेल की. सुई आहे, मोरपीस नाही." माणूस हसायचा आणि तेवढ्यात काम होऊन जायचं.

या लसीच्या बाटलीत दहा डोस असतात. एकदा झाकणाच्या रबरातून सुई आत गेली की सहा तासांत दहाच्या दहा संपले पाहिजेत, उरला तो फेकून द्यायचा. फेकायचं म्हटलं की सिस्टरच्या जिवावर यायचं. म्हणून तिचा शिरस्ता ठरलेला. आधी दहा माणसं बाकावर बसवायची, एकेकासमोर उभं राहून "घेणार ना नक्की?" विचारायचं, आणि दहावा "हो" म्हणाला की मगच बाटली उघडायची. सव्वीस वर्षांत हा नियम तिने एकदाही मोडला नव्हता.

आज मोडला. कारण बाकावर दहाव्या जागी दादा बसला होता.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. सगळी हयात त्याने लोकांच्या घरच्या फरश्या घासून चकचकीत केल्या, आणि दगडाची ती धूळ स्वतःच्या छातीत साठवली. तिच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी त्याच कामातून भरली गेली. गेल्या थंडीत फ्लूचं निमित्त झालं आणि न्यूमोनियाने त्याला गाठलं. तो अकरा दिवस हॉस्पिटलात होता आणि ही शेजारी बसून त्याचे श्वास मोजत होती. डॉक्टरबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर ही छाती तग धरायची नाही. तरी लसीचं नाव काढलं की दादाचं एकच पालुपद, "बघू."

आणि आज तोच दादा आपल्या पायांनी येऊन शेजारच्या चित्रकलेच्या मास्तरांना खेटून बसलेला. सिस्टरला आभाळ ठेंगणं झालं. नऊ जणांना तिने विचारलं. दादापाशी आली, आणि जीभच रेटेना. विचारलं आणि नाही म्हणाला तर? ती तशीच वळली आणि तिने बाटली उघडली.

पुढची चाळीस मिनिटं तिला पंख फुटल्यासारखी गेली. नऊ दंड झाले, मास्तर नववे. मग ती हसत दादाकडे आली. "चल, बाही वर कर."

"मी कशाला?" दादा म्हणाला. "मी मास्तरांच्या सोबतीला आलोय."

सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला. तिने समजावलं, रागावली, शेवटी अबोला धरून पाहिला. मास्तरांना लस घेतल्यावर अर्धा तास बसायचंच होतं, त्यांनीही भर घातली, "अहो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." दादा ढिम्म.

मास्तरांची शेवटची पाच मिनिटं उरली असतील. तेवढ्यात एक कुरिअरवाला पार्सल घेऊन आला. बाकावरची गर्दी पाहून म्हणाला, "सिस्टर, लस आली का? घरात दोन महिन्यांची मुलगी आहे, तिला अजून ही लस देता येत नाही. एक शिल्लक असेल तर मला द्या."

आता नाही कसं म्हणणार? घेणारा दारात उभा होता, न घेणारा बाकावर. पुढची बाटली पंधरा दिवसांनी येणार होती, आणि पंधरा दिवसांची तशी खात्री कुणीच देत नव्हतं. सिस्टरने सिरिंज भरली. कुरिअरवाल्याने बाही सरकवली. तिने स्पिरिटचा बोळा त्याच्या दंडावर फिरवला आणि तिथेच थांबली.

"दादा," ती मागे न वळताच म्हणाली, "यांना देते मी. यांचा हक्कच आहे. पण मला भीती वाटते रे. अकरा दिवस मी तुझे श्वास मोजलेत. आता पुन्हा मोजायची ताकद नाही माझ्यात."

दादाने घसा खाकरला.

"छोटे, सुईला घाबरतो असं वाटतं का तुला? अगं, टोचणार तू. आणि एवढं करून मला झालंच काही, तर जन्मभर स्वतःच्या हाताकडे बघत बसशील. माहीत आहे मला तुझा स्वभाव. म्हणून टाळतोय दोन वर्षं."

सिस्टर गर्रकन वळली. "आणि न टोचता झालं, तर कशाकडे बघत बसू?"

दादाचा हात आपसूक स्वतःच्या बाहीकडे गेला.

कुरिअरवाल्याने हळूच बाही खाली केली. "काका, बसा तुम्ही इथे. मी पुढच्या बाटलीला येतो. पण सिस्टर, माझा नंबर पहिला लावा."

"पहिलाच," सिस्टर म्हणाली.

दादा खुर्चीत येऊन बसला. त्याने बाही खांद्यापर्यंत चढवली. "एक अट आहे. यापुढे काही झालं, तर ते माझ्या छातीचं. तुझ्या हाताचं नाही. कबूल?"

आयुष्यात पहिल्यांदा सिस्टर टोचताना खोटं बोलली. "कबूल," ती म्हणाली, आणि सुई आत गेली.