माल तुझा, भाव त्याचा

दुकानात आल्या की नर्सबाई आधी काही बोलत नसत. पिशवीत हात घालून समोरच्या शेठच्या दुकानातली बिजागरी काढत, माझ्या गल्ल्याशेजारी ठेवत आणि एका बोटाने माझ्याकडे सरकवत. मग म्हणत, "माल तुझा चांगला, भाव त्याचा चांगला. मला दोन्ही पाहिजे."

ती बिजागरी त्यांनी विकत घेतलेली नसे. 'जरा दाखवून आणते' असं सांगून शेठकडून उचललेली असे, आणि काम झालं की त्या ती जपून परत नेऊन देत. शेठने तरी बिजागरी का द्यावी, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर सोपं आहे. गावात नर्सबाईंना नाही म्हणू शकेल असं माणूस नव्हतं, कारण निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्माला आलेलं. शेठही आणि मीही.

पनवेलच्या बाजारात आमचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, स्क्रू, कड्या, कुलपं, पत्रे, रंगाचे डबे. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत वडील गेले आणि मी गादीवर बसलो. समोर शेठचं अगदी तसंच दुकान. आमचे दोघांचे वडील एके काळी भागीदार होते. भागीदारी मोडली तेव्हा मोठा तराजू कुणाकडे राहणार यावरून बिनसलं, आणि ते भांडण दुकानाबरोबर आम्हाला वारशात मिळालं. शेठ आणि मी शाळेत एका बाकावर बसलेले. पण आता सकाळी दुकानाच्या फळ्या काढताना नजरानजर झाली तर दोघेही आभाळाकडे बघायचो.

या दोन न बोलणाऱ्या माणसांच्या मधल्या रस्त्यावर नर्सबाईंचा संसार चालायचा.

त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नसलेल्या. अंगाने किरकोळ, पांढरं पातळ, आणि आवाज असा की बोलल्यावर समोरच्याने कामाला लागावं. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत त्यांचं वडिलांकडून आलेलं घर होतं. ओवे, खारघर, कामोठे अशा गावांतून बाळंतपणाला आलेल्या बायका दवाखान्यात खाट नसली की तिथल्या ओसरीवर पडून राहायच्या, ते त्यांनी नोकरीभर पाहिलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की घरामागची पडवी नीट करून घ्यायची, फरशी बसवायची, खिडक्यांना जाळी लावायची, आणि या बायकांसाठी एक धड खोली करायची. पेन्शन तुटपुंजी. देणगी मागायची नाही असा बाणा. उरला मार्ग एकच, तो म्हणजे माझा जीव खाणे.

बरं, त्या घासाघीस करत नव्हत्या, हे आधी समजून घ्या. घासाघीस करणारं गिऱ्हाईक मला चालायचं. आपण जास्त सांगायचं, त्याने कमी मागायचं, मध्ये कुठेतरी हात मिळवायचा. नर्सबाईंना शेठच्या भावापेक्षा एक पै कमी नको असे आणि एक पै जास्त चालत नसे. एकदा वैतागून मी म्हणालो, "मग तिकडूनच घ्या ना सगळं." त्यांनी शांतपणे शेठची बिजागरी उघडझाप करून दाखवली. ती करकरली. माझी उघडझाप केली. ती करकरली नाही. "बाळंतिणीला झोप लागली असताना दार वाजायला नको," म्हणाल्या, आणि पुन्हा गप्प बसून राहिल्या.

गप्प बसणं हे त्यांचं खरं हत्यार. मी म्हणायचो की बाई, गिऱ्हाइकं खोळंबलीत. त्यावर त्या एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुला बाहेर यायला अख्खा दिवस लागला होता. मी बसून राहिले. बिजागरीसाठी अर्धा तास बसायला मला काय होतंय?" सगळं दुकान हसलं. मी बिजागरी बांधून दिली.

शनिवारी मात्र त्या येत नसत. त्यांचा तो विश्रांतीचा दिवस आणि, देवाशप्पथ सांगतो, माझाही. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत त्यांना घरी पोचायचं असे. हे ध्यानात आल्यावर मी एकदा शुक्रवारी उन्हं उतरेपर्यंत मुद्दाम वेळ काढला. हा स्क्रू दाखव, तो दाखव, पाणी मागव. मला वाटलं, घाईत माझ्याच भावाने घेऊन जातील. सूर्य कलला तशा त्या उठल्या, पिशवी घेतली आणि गेल्या. रविवारी सकाळी मी फळी काढतो तोच हजर. "हं, तर तू शुक्रवारी म्हणत होतास की..." असं म्हणून जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच त्यांनी पुढे सुरू केलं.

एकदा संतापाच्या भरात मी शेठच्याही खाली भाव सांगितला. म्हटलं, घ्या आणि सुटा. त्यांनी मान डोलावली, लागत होते त्यातले अर्धेच खिळे घेतले आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी थेट रस्ता ओलांडून शेठकडे गेल्या. माझा नवा भाव तिथे सांगितला. शेठलाही तो द्यावा लागला. "तोही माझ्याच हातावर आलाय," त्या मला नंतर म्हणाल्या. "एकाकडूनच सगळं घेतलं तर बरं दिसत नाही." महिनाभरात खिळ्यांचा भाव असा उतरला की आम्ही दोघेही पदरचे घालून खिळे विकू लागलो, कारण बाजारात एकदा बातमी फुटली की सगळ्यांनाच नर्सबाईंचा भाव हवा असे.

शेवटी एका दुपारी मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. शेठ गल्ल्यावर बसून हिशेब करत होता. मला पायरीवर पाहून त्याने चष्मा काढला. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं ते मला सुचेना. मग मी म्हणालो, "बाईंचं काय करायचं?"

त्याने दीर्घ श्वास सोडला आणि गादीवर जागा करून दिली. चहा मागवला. खिडकीच्या जाळीचा भाव आम्ही दोघांनी मिळून ठरवला, दोन्हीकडे एकच, आणि उठताना तो हळूच म्हणाला की वडिलांच्या त्या तराजूचा काटा कधीच मोडलाय, तराजू पोटमाळ्यावर पडून आहे.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई त्याच्याकडे गेल्या, मग माझ्याकडे आल्या. जाळीचा भाव ऐकला. बाहेर गेल्या आणि दोन्ही दुकानांच्या बरोबर मधोमध, रस्त्यात उभ्या राहिल्या. एकदा तिकडे पाहिलं, एकदा इकडे. टांगेवाला ओरडला तरी हलल्या नाहीत. मग परत येऊन म्हणाल्या, "बोलायला लागलात वाटतं. बरं झालं." एवढंच. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या आठवड्यात त्या मुंबईच्या बसमधून उतरल्या त्या पिशवीत जाळीचा हातभर तुकडा घेऊनच. मुंबईच्या लोखंडी बाजारातला भाव आम्हा दोघांना ऐकवण्यात आला. मी हात जोडून म्हणालो की बाई, बसचं भाडं धरलं तर तुमचं काय वाचलं? त्या म्हणाल्या, "भाडं भाचीला भेटायला गेले त्याचं. भाव मी वाटेत विचारला." शेठने समोरून माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. त्या दिवशी आम्ही दोघेही मुंबईच्या भावाने जाळी विकली.

असं करत करत खोली उभी राहत गेली. फरशी बसली, दारं लागली, भिंतींना चुना झाला. राहिलं छप्पर. पडवीची कौलं फुटलेली आणि वासे कुजलेले होते; सुताराने सगळं उतरवलं, आणि नेमके तेव्हाच पत्रे मिळेनात. त्या काळी पत्रे परवान्यावर. नर्सबाईंनी खेटे घालून परवाना आणला, पण सरकारी भावाने माल कुठेच नव्हता, आमच्या दोन्ही दुकानांतही नाही. चोरट्या बाजारात दुप्पट दिले तर उद्या मिळाला असता. मी तसं सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तो भाव नव्हे, दंड आहे. मी काय गुन्हा केलाय?" वैशाखातलं ऊन उघड्या खोलीत पडत राहिलं आणि नवी फरशी पाय भाजेल इतकी तापू लागली.

अशाच एका दुपारी कामोठ्याकडून बैलगाडी आली. गाडीत पोरसवदा बाई, पहिलटकरीण, अर्धवट शुद्धीत. नर्सबाईंच्या घरी आतल्या खोल्यांत फर्निचर आणि चुन्याच्या गोण्या कोंबलेल्या, नव्या खोलीला आभाळ. दवाखाना दूर नव्हता, पण गाडीत डोकावून त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, आता तेवढाही वेळ नाही. माझ्या गोदामाचं मागचं दार त्यांच्या अंगणासमोर उघडतं. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. खिळ्यांची पोती बाजूला सारायला लावली, शेठकडून कोरी ताडपत्री मागवली, माझ्या मालातली एक नवी बादली उचलली आणि दार लावून घेतलं.

बाहेर मी, शेठ आणि त्या मुलीचा नवरा. आतून मधूनच कण्हणं ऐकू येई, आणि ते थांबलं की त्याहून वाईट वाटे. नवरा बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा होता. शेठ एकसारखा टोपी काढत होता आणि घालत होता. मला आठवतं, मी मनात म्हणत होतो की यापुढे बाई म्हणतील तो भाव, फक्त हे नीट होऊ दे. शेवटी मूल रडलं. नवरा खालीच बसला. शेठने माझा दंड घट्ट धरला होता, तो त्याने तेव्हा सोडला.

थोड्या वेळाने दार उघडून नर्सबाई बाहेर आल्या. पातळ घामाने भिजलेलं, हात कोपरापर्यंत धुतलेले. दोघीही बऱ्या आहेत, मुलगी आहे, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मग बादली माझ्यापुढे धरली.

"ही मी वापरली, तेव्हा घेते. शेठकडे चार आणे कमी आहे."

शेठ शेजारीच उभा होता. मला रडू येत होतं की राग, ते मलाच कळेना. मी म्हणालो, "बाई, बादली तुम्हाला दिली. पैसे नकोत."

"फुकट कोण मागतंय?" त्या म्हणाल्या. "त्याच्याइतकं घे."

चार आणे कमी करून मी पैसे घेतले. काय करणार?

दुसऱ्या दिवशी शेठ आणि मी दुकानं नोकरांवर सोपवून, तो परवाना घेऊन एका ट्रकमधून मुंबईला गेलो. दिवसभर दारोदार हिंडलो. दोघांनी मिळून आपापल्या दुकानांसाठी इतर मालाची मोठी मागणी नोंदवली तेव्हा कुठे एका घाऊक व्यापाऱ्याने सरकारी भावाने पत्रे काढून दिले. येताना पत्र्यांच्या खडखडाटात शेठ आणि मी शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत होतो. नर्सबाईंना खरेदीच्याच भावात पत्रे दिले. त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर मी अजून त्यांची नीट ओळख करून दिलेली नाही. त्यांनी आधी मला एकट्याला भाव विचारला, मग शेठला वेगळा गाठून विचारला, आणि दोन्ही जुळल्यावर पत्रे उतरवून घेतले.

खोली बरीच वर्षं चालली. त्यांच्या समाजातली घरं एकेक करून इस्रायलला जात होती. भाची गेली, मग भाचीची मुलं गेली, आणि म्हातारपणी नर्सबाईंनाही बोलावणं आलं. ट्रंकांना कुलपं घ्यायला त्या आल्या तेव्हा मला वाटलं होतं की निदान आज त्या भाव विचारणार नाहीत. त्यांनी विचारला. शेठकडचं कुलूप पिशवीतून काढलं. मी इतका चिडलो की धड निरोपाचं बोललो नाही, कुलपं कागदात गुंडाळून पुढे केली. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि रस्ता ओलांडून शेठचं कुलूप परत द्यायला गेल्या.

घर एका तांदळाच्या व्यापाऱ्याने घेतलं. खोलीत पोती आली.

पण गावोगावी ही बातमी पोचायला वेळ लागला. एके दिवशी बंद दारापुढे बैलगाडी उभी राहिली. गाडीत अवघडलेली सून, खाली उतरलेली सासू. दार ठोठावून दमल्यावर ती मागच्या बाजूने माझ्या गोदामाशी आली.

"आमी ओव्यावरनं आलो. बाई हायत ना?"

मी सांगितलं की बाई परदेशी गेल्या, आता येणार नाहीत. "मंग इला आता कुनाकडं नेऊ?" तिने विचारलं.

दवाखान्याचा रस्ता मी सांगू लागलो, पण तिचं लक्ष लागेना. ती पुन्हा पुन्हा त्या दाराकडेच वळून पाहत होती. तेवढ्यात गडबड ऐकून माझ्या दुकानात आलेल्या शेठची हाक आली, तू जा, दुकान मी बघतो. मी चपला घातल्या आणि बैलांच्या पुढे चालू लागलो.