ओटमनमध्ये उघडलेला डबा

माझ्या सासूबाई, जाईबाई गजभिये, नागपूरच्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होत्या. कोण किती वाजता बाळंत झाली, ते त्यांना अजून आठवतं. अपमानही तसेच आठवतात, तारखेसकट.

आता त्या आमच्याकडे टेक्सासला असतात. गेल्या गणपतीत इथल्या फ्रिस्कोला आसावरीकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा. सासूबाईंनी पाटवड्या नेल्या. आसावरीने कौतुकाने डबा घेतला आणि मग हळूच विचारलं, "काकू, तुमचं आडनाव काय?" जेवणाच्या टेबलावर पाटवड्या आल्याच नाहीत. तिच्या घरचा नियम असा की चपला गराजमध्ये काढायच्या. स्वतःचा नियमच बाई विसरली. निघताना सासूबाई चपला घालायला गेल्या, तर डबा तिथेच, रंगाच्या डब्यांशेजारी, भरलेला. त्यांनी तो मुकाट्याने उचलला. घरी येऊन मी भांडी आपटली, तेव्हा म्हणाल्या, "थांब. माझं मी बघते."

मार्चच्या सुट्टीत आम्ही वेगासहून रूट सिक्स्टी सिक्स या जुन्या हायवेची ट्रिप ठरवली. आसावरीचा नवरा श्रीरंग माझ्या नवऱ्याच्या, विवेकच्या, ऑफिसात त्याच्याच टीममध्ये आहे. त्यांनाही घ्या, हा हट्ट सासूबाईंचाच. मला वाटलं, म्हातारी विरघळली. डोंबल!

ओटमन म्हणजे त्या वाटेवरचं सोन्याच्या खाणीचं जुनं गाव. खाण बंद पडली, माणसं गेली, गाढवं राहिली. त्यांची पिल्लावळ भर रस्त्यात उभी असते, हॉर्नला भीक घालत नाही. घाटातल्या वळणांनी आसावरीच्या अनयाला उलट्या झाल्या, वाटेत थांबत आलो आणि पोचेपर्यंत जेवायची ठिकाणं बंद झाली होती. भुकेने सगळ्यांचे चेहरे उतरले. तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. सकाळी भाड्याच्या घरात बसून केलेल्या पाटवड्या.

अनयाने चार खाल्ल्या. श्रीरंगनेही न विचारता हात घातला. शेवटी आसावरीचा हात पुढे आला आणि सासूबाईंनी झाकण लावलं.

"आधी सांग. त्या दिवशी माझा डबा गराजमध्ये का ठेवलास?"

"फ्रिजमध्ये जागा नव्हती, काकू."

"खोटं बोलतेस."

श्रीरंग चावायचा थांबला. अनया आईकडे बघत म्हणाली, "मम्मा, व्हॉट्स राँग विथ आजीज फूड?"

लेकीसमोर थाप मारणं आसावरीला जमलं नाही. मान खाली घालून ती पुटपुटली, "आडनाव कळल्यावर... आमच्याकडे तुमच्या लोकांच्या हातचं खात नाहीत."

"बट आय एट इट," अनया म्हणाली.

"जोरात बोल," सासूबाई आसावरीला म्हणाल्या. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. मला गारेगार वाटलं, खोटं कशाला सांगू? मग सासूबाईंनी उरलेल्या पाटवड्या अनयाच्या हातावर ठेवल्या आणि रिकामा डबा पिशवीत टाकला.

परतताना गाडी मी चालवत होते. वाटेतल्या किंगमन गावाशी बर्गरच्या पाट्या दिसायला लागल्या. आरशात आसावरीचे रडून सुजलेले डोळे दिसत होते.

"उपासना, थांबव गाडी," सासूबाई म्हणाल्या. "उपाशी आहे ती. खाऊ दे."

त्यांचं भागलं होतं, माझं नाही. मी हायवेवरून गावात उतरायची एक्झिट मागे टाकली आणि वेग वाढवला.