नणंदबाईंची बी.ए.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शिकलेली माणसं पुष्कळ असतील, पण रविवारी शिकलेलं सोमवारी सकाळी वापरायला काढणारं माणूस एकच आहे, आणि ते माझ्या नवऱ्याची मोठी बहीण आहे. बाकीचे लोक शिक्षण घेतात आणि कपाटात ठेवतात. मी स्वतः तेच केलं. नणंदबाईंना मात्र काही नवीन कळलं की ते लगेच कुणावर तरी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. आणि त्या 'कुणावर तरी'मध्ये गेली तीन-चार वर्षं त्यांचा नवरा, गावचे सरपंच, बियाण्याचे दुकानदार, एस.टी.चे कंडक्टर आणि मी, असे सगळे येऊन गेलो आहोत.

नणंदबाईंचं गाव लोणारकडच्या बीबी गावाच्या पुढे, आडवाटेला. घरची शेती आहे, विहिरीला बऱ्यापैकी पाणी आहे, आणि त्या वांगी, टमाटे, मेथी काढून बीबीच्या आठवडी बाजारात स्वतः विकायला बसतात. बारावी झाली आणि लगेच लग्न झालं, तेव्हा शिक्षण तिथेच थांबलं होतं. मुलगी लग्न होऊन जालन्याकडे गेली, घर एकदम मोकळं झालं, आणि त्याच उन्हाळ्यात लोणारच्या बसस्टँडवर त्यांना बहिःस्थ बी.ए.च्या प्रवेशाची जाहिरात चिकटवलेली दिसली. वय वर्षं बावन्न. त्या तडक अभ्यासकेंद्रावर गेल्या. तिथल्या क्लार्कनं विचारलं, "विषय कोणते घेता?" तर म्हणाल्या, "सगळ्यात जास्त भांडणं कोन्त्या विषयात हायेत?" तो म्हणाला, राज्यशास्त्रात. "आनखी?" साहित्यात. तिसऱ्या विषयाशी गाडी अडली. क्लार्क म्हणाला, "कलेचा इतिहास आहे, पण तो कुणीच घेत नाही." नणंदबाई म्हणाल्या, "मंग तो तर घ्यायलेच पाह्यजे. एकटा पडला बिचारा."

वर्ग दर रविवारी लोणारला असायचे. सकाळच्या गाडीनं त्या यायच्या, पिशवीत एका बाजूला पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला आमच्यासाठी वांगी. आम्ही लोणारलाच राहतो, तेव्हा दुपारी वर्ग सुटला की जेवायला आमच्याकडे. जेवण हे निमित्त. खरा कार्यक्रम म्हणजे सकाळी जे शिकवलं ते मला परत शिकवणं. मी पोळी वाढायला वाकले की त्या माझा हात धरून म्हणायच्या, "थांब वं माय, आधी हे ऐक. राज्य म्हनजे काय आनं शासन म्हनजे काय, ह्यात फरक हाय. तुले माईत होता का?" मला माहीत नव्हता. माझी मराठी साहित्यातली पहिल्या वर्गातली बी.ए. आहे, हे मी त्यांना मोठ्या दिमाखात सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्या मला सगळं विचारायच्या आणि मला काहीच यायचं नाही.

राज्यशास्त्राचं पहिलं वर्ष त्यांच्या यजमानांवर गेलं. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजी म्हणजे शांत माणूस. बैलाशी जितकं बोलतात त्याच्या निम्मंही माणसांशी बोलत नाहीत. सत्ताविभाजनाचा धडा झाला त्याच आठवड्यात नणंदबाईंनी घरात जाहीर केलं की जो स्वयंपाक ठरवतो त्यानंच तो करायचा आणि त्यानंच त्याला नावं ठेवायची, हे लोकशाहीला धरून नाही. ठरवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं, करण्याचं काम आठवड्यातून दोन दिवस दाजींकडे आलं, आणि चव बरी की वाईट हा निवाडा शेजारच्या म्हाताऱ्या काकूंकडे गेला. दाजींना वाईट वाटू नये म्हणून त्यांना घटनात्मक प्रमुख केलं. "म्हनजे सगळा कारभार तुमच्या नावानं चालंल," नणंदबाईंनी समजावलं, "पन ठरवनार मंत्रिमंडळ." दाजींनी विडा तोंडात फिरवला आणि म्हणाले, "हे तं लग्नापासूनच चालू हाय. निस्ती सही कुठं करायची तेवढं सांगत जाय."

गावात मात्र एवढ्यावर भागलं नाही. ग्रामसभा होती, आणि नणंदबाई पाठ्यपुस्तक पिशवीत घालून गेल्या. वीस-बावीस पुरुष, एका कोपऱ्यात तीन बायका, आणि सरपंच भराभर विषय वाचत होते. नणंदबाई उभ्या राहिल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "सरपंच, गनपूर्ती झाली का?" कुणाला वाटलं गणपतीबद्दल काही विचारतायत. सरपंच भला माणूस, वयानं लहान, त्यांना 'मावशी' म्हणणारा. तो म्हणाला, "मावशी, बसा ना, दहा मिनटात आटपतो." "आटपू नको बापा," त्या म्हणाल्या, "मानसं मोज." मोजली. कमी भरली. मग नाइलाजानं माणसं गोळा करायला लोक घरोघर धावले, आणि पुरुष शेतात असल्यामुळे घरी सापडल्या त्या बायका. जिच्या हाताला पीठ होतं ती तशीच आली. पंधरा मिनिटांत समाजमंदिराचा ओटा लुगड्यांनी आणि साड्यांनी भरून गेला. आता एवढ्या बायका आल्याच आहेत म्हटल्यावर त्यांनी आपल्या आळीच्या नळाचा विषय काढला, आणि इतकी वर्षं 'पुढच्या सभेत पाहू' म्हणून राहिलेली पाइपलाइन त्या दिवशी ठरावात आली. नणंदबाईंना त्या नळाचं विशेष कौतुक नव्हतंच. रविवारी मला सांगताना त्यांचे डोळे लकाकत होते ते दुसऱ्याच गोष्टीनं. "पुस्तकात लिहिलं ते खरं असते वं!" त्या म्हणाल्या. "मले वाटे, निस्तं परीक्षेपुरतं असते."

कलेच्या इतिहासानं बाजारात गोंधळ घातला. रंगसंगती, छायाप्रकाश वगैरे शिकल्यापासून त्या भाजीचा ढीग लावेनात, भाजीचं चित्र मांडू लागल्या. मेथीच्या हिरव्यावर टमाट्याचा लाल, मागे जांभळ्या वांग्यांची कमान, आणि मधोमध एक मोठं, तुकतुकीत वांगं, ज्याच्यावर सकाळचं ऊन बरोबर एका बाजूनं पडेल. गिऱ्हाइकं थांबायची, पाहायची, घ्यायचीही. पण मधल्या वांग्याला हात लावला की नणंदबाई ओरडायच्या, "ते नको! तोल जाते!" शेवटी एका आजोबांनी वैतागून विचारलं, "बाई, वांगं इकून राह्यली का निस्तं दाखवून राह्यली?" पुढच्या रविवारी ते वांगं लोणारला आमच्याकडे आलं. मी त्याचं भरीत केलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

मात्र एका गोष्टीसाठी मी या विषयाची कायम ऋणी आहे. लग्न होऊन लोणारला आल्यापासून मी इथल्या जुन्या देवळात कितीदा तरी नारळ घेऊन गेले असेन. आत जायचं, हात जोडायचे, बाहेर यायचं. एका रविवारी नणंदबाईंनी मला देवळाच्या आत जाऊच दिलं नाही. "देव कुठं जात नाई," म्हणाल्या, "आधी भिंती पाह्य." आणि भर उन्हात त्यांनी मला भिंतीभोवती फिरवलं. एका दगडी बाईसमोर थांबल्या. "हिचं सगळं वजन एका पायावर हाय, दिसलं का? दुसरा गुडघा ढिल्ला सोडला. आपून ओट्यापाशी अशाच उभ्या ऱ्हातो, पाय दुखाले लागले का." मी पाहिलं, आणि खरंच, ती बाई थकलेली होती. शेकडो वर्षं मुकाट्यानं ती तशी उभी होती आणि मी तिच्या शेजारून चपला शोधत जात होते.

साहित्याच्या वर्षी बियाण्याचा दुकानदार सापडला. तो एका सोयाबीनच्या वाणाबद्दल सांगत होता की शेंगांनी झाड जमिनीला टेकतं, शेतातून चालायला वाट उरत नाही. नणंदबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा अतिशयोक्ती अलंकार झाला. आता साध्या भाषेत सांग." नातेवाईकांची त्यांनी नऊ रसांत वाटणी केली. स्वतःच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांनी न कचरता रौद्रात टाकलं, आणि सासूबाई ते ऐकून इतक्या रागावल्या की वर्गीकरणाबद्दल कुणाला शंकाच उरली नाही.

आणि याच साहित्यानं त्यांना शेवटच्या वर्षी पाडलं.

चूक अर्धी माझी. रसग्रहणाची तयारी मी करून घेतली होती. माझी पद्धत अशी की कविता कशीही असो, कवीच्या तरल प्रतिभेचं कौतुक करायचं, दोन-तीन प्रतिमा सांगायच्या आणि शेवटी 'ही कविता मनाला भिडते' असं लिहायचं. याच पद्धतीनं मला पहिला वर्ग मिळाला होता. नणंदबाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत कविता आली ती शेतात खुरपं घेऊन निंदण करणाऱ्या बायकांवरची: बायका हसतायत, गातायत, वाऱ्यानं पदर उडतायत. निकाल लागला, बाकी सगळे विषय सुटले, हा एक पेपर राहिला. त्यांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. मी वाचली. त्यांनी लिहिलं होतं: 'कवी बांधावर उभा राहून पाहत आहे. बाई गाते हे खरे आहे. पण कंबर दुखते ते विसरायला ती गाते. कवीला गाणे ऐकू आले, कंबर दिसली नाही. तो खाली उतरला असता तर कविता आणखी चांगली झाली असती.' शेजारी लाल शाईत एकच शब्द होता, 'विषयांतर'.

त्यानंतर सलग तीन रविवार त्या आल्या नाहीत. फोन केला की "कामं हायेत" म्हणायच्या. चौथ्या रविवारी सकाळच्या गाडीनं दाजीच आले. आयुष्यात पहिल्यांदा एकटे आमच्याकडे आले होते. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिले काही बोला. पुस्तकं पेटीत घालून ठेवले. घरात कोनी भांडून नाई राह्यलं. मले करमत नाई." दाजींच्या तोंडून एवढी चार वाक्यं एका दमात मी कधी ऐकली नव्हती.

मी ती उत्तरपत्रिका घेऊन तशीच केंद्रावर गेले. साहित्य शिकवणारे सर तिशीतले, चार वर्षांपूर्वी लागलेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला खुर्ची ओढून बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "प्रश्न होता, कवितेतलं सौंदर्य स्पष्ट करा. तेव्हा परीक्षकांना दोष देता येत नाही." मग पान परत उलटून म्हणाले, "पण मी ही कविता चार वर्षं शिकवतोय आणि मला ती कंबर दिसली नव्हती. बाईंना म्हणावं, येत्या रविवारी हे वर्गात वाचा."

त्या येईनात. दाजींनी पेटी उघडली, पुस्तक काढून पिशवीत घातलं आणि स्वतः त्यांना बीबीपर्यंत आणून गाडीत बसवलं. वर्गात अकरा जण होते. एक अंगणवाडीताई, दोन नवीन सुना, एक होमगार्ड, असेच सगळे. नणंदबाईंनी खाली मान घालून उत्तर वाचलं. वाचून झालं तशी अंगणवाडीताई म्हणाली, "पन ताई, कधी कधी निस्तं आनंदानं बी गाते ना मानूस?" नणंदबाईंनी मान वर केली. "हाव, गाते," त्या म्हणाल्या, "मंग कवीनं तसं दाखवलं का? कोन्त्या ओळीत, सांग बरं!" झालं. दोन तास तो वर्ग सुटला नाही. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. आतून आवाज असा चढत होता की शिपाई दोनदा डोकावून गेला. त्या दिवशी जेवताना नणंदबाईंनी माझा हात धरून ठेवला आणि माझी पोळी तव्यावर करपली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

फेरपरीक्षेला परत रसग्रहणच आलं, कविता दुसरी. मी घाबरून विचारलं, "ताई, काय लिहिलं?" त्यांनी मथळे देऊन दोन उत्तरं लिहिली होती: 'अ) अपेक्षित उत्तर' आणि 'आ) खरे उत्तर'. पहिल्यात तरल प्रतिभा, प्रतिमा, मनाला भिडणं, सगळं शिस्तीत. दुसऱ्यात त्यांना जे वाटलं ते. पास झाल्या. जेमतेम, पण झाल्या. त्यांना एकच रुखरुख लागली. "मार्क 'अ'ले भेटले का 'आ'ले, ते कळालेच मार्ग नाई वं."

गुणपत्रिका घेऊन त्या आमच्याकडे आल्या तो परवाचा दिवस. दाजी सोबत होते, त्यांनी जिलबी आणली होती आणि माझ्या नवऱ्याला ते न विचारता सगळी हकीकत सांगत होते. आम्ही दोघी आत स्वयंपाकघरात. मी वरण लावलं होतं. नणंदबाई पाटावर बसल्या आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, "तू बी.ए. केली तवा तुले कोन्ती कविता आवडली होती वं?"

मी तोंड उघडलं. पहिला वर्ग, महाविद्यालयात दुसरी, स्टेजवर सत्कार. आठवत होतं ते सगळं. कविता एकही आठवेना. आवडली की नाही हा प्रश्न मला तेव्हा कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. माझे डोळे का भरून आले कोण जाणे.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कवितांचं पुस्तक काढलं, पाटावर थोडं सरकून मला जागा केली. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "आता आपून दोघी वाचू. परीक्षा नाई, काही नाई. आरामात."

पहिली कविता माझ्याही वेळी अभ्यासाला होती. मी ती पाठ केलेली होती. मोठ्यानं वाचायला लागले आणि तिसऱ्याच ओळीला थांबले, कारण ती ओळ इतकी सुंदर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. नणंदबाई म्हणाल्या, "परत वाच." कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.