हिरवी कड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शेजारी कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी भांडी घासायला यायची. शिक्षण चौथीपर्यंतच, पण औंध बाजूच्या एका संशोधन संस्थेत काचसामान धुता धुता एवढं कळलं होतं, की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही... मनात राहवत नाही म्हणून लिहिते.

माझी थोरली बहीण, अक्का, वारज्याला राहायची. तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशनच्या वेळी आमच्या केतकी मॅडमनी तिला विचारून, सही घेऊन, गाठीचा बारीक तुकडा आणला आणि त्यातल्या पेशी बशीत वाढवल्या.

"पेशीच्या कडेला दारं असतात, सुमनताई," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्यांना आम्ही समुद्रातल्या एका प्राण्याचा चमकणारा रंग जोडतो, म्हणजे ती दिसतात." कॉम्प्युटरवर प्रत्येक पेशीला हिरवी कड दिसायची, बांगडीसारखी. औषधाचा थेंब घातला की दारं आत ओढली जायची. कड विझायची आणि आत ठिपके दिसायचे.

अक्काला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तिकडं मी मजेत आहे की. हाल काय ते इथंच."

दिवाळीनंतर ती खालावली. पाणीही गिळेना. चमच्यानं घातलं की ओठाच्या कडेनं बाहेर यायचं. मला म्हणाली, "शेवटचं पाणी तू घाल गं. ह्यांचा हात कापतो." त्या सकाळी दाजी म्हणाले, "आज डोळे उघडून बघतेय. तू ये कामावर जाऊन." मी गेले.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मायक्रोस्कोपच्या खोलीतून मॅडमनी हाक मारली.

"सुमनताई, पेशींना चहा पाजलात का?"

"नाही मॅडम, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग बघा हे."

अक्काच्या पेशींची कड विझली होती. आत ठिपकेच ठिपके... शेजारच्या बशीत दुसऱ्या बाईच्या पेशी होत्या — त्यांची कड होती तशीच.

"यांना काहीतरी मिळालंय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण मी अजून काही घातलंच नाही."

तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, माझा फोन आहे. दाजी होते.

"गेली गं... श्वास लागला म्हणून तुळशीचं पान ठेवून पाणी घातलं. प्याली. इतके दिवस गिळत नव्हती, आत्ता घटकन प्याली."

मॅडमनी पुढे त्याच पेशींवर पुष्कळदा करून पाहिलं. काही न घालता कड पुन्हा कधी विझली नाही. मशीनचा दोष म्हणावा, तर शेजारची बशी ठीक होती. फोनवर काय ऐकलं ते मी त्यांना सांगितलं नाही, धीर झाला नाही.

दाजी अजून म्हणतात, "शेवटी तिनं तुझं विचारलं." मॅडमना कारण सापडलं नाही, मला कुठून सापडणार? पाणी तिच्या घशाखाली उतरलं, तेव्हा मी बहुतेक कॉम्प्युटरवर तिच्याकडेच बघत होते. पण घालणारा हात माझा नव्हता.