अण्णांचा रेडिओवर विश्वास नव्हता

माझे वडील कानिफनाथ बगाडे भिंगारच्या बाजारात शिंपीकाम करायचे. पुढं दुकान, मागं घर, आणि मधल्या भिंतीत एक कोनाडा. कोनाडा खरं तर देवाचा होता. पण रेडिओ आला तसं अण्णांनी देवाला स्वयंपाकघरात हलवायला लावलं. "देवाला कुठूनबी ऐकू येतंय," ते आईला म्हणाले, "मला न्हाई येत."

बाजारात त्यांना सगळे मास्तर म्हणत. पलटणीतले जवान वर्दी कमीजास्त करून घ्यायला यायचे, तेव्हा अण्णा तोंडात टाचण्या धरून 'हं' नाहीतर 'न्हाई' एवढंच बोलत. रेडिओशी मात्र त्यांचं दिवसभर भांडण चाले. सकाळच्या भक्तिगीतांपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत पुणे केंद्राचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही आणि एकाही कार्यक्रमावर विश्वास ठेवला नाही. ज्याचा भरवसा नाही त्याच्या घरी माणूस रोज उठून जातो का? अण्णा जायचे.

हा संशय कुठून आला ते मला ठाऊक आहे. एकाहत्तर साली, दिवाळीच्याही आधी, दुकानात अचानक वर्दीच्या कामाची झुंबड उडाली. जो तो म्हणे उद्याच्या उद्या पाहिजे. काज, बटणं, पट्ट्या, चढवलेल्या फिती. आई आणि मीसुद्धा सुई घेऊन बसलो. रेडिओवर मात्र कांद्यावरची कीड, नाट्यगीतं आणि कुठल्याशा पुलाचं उद्घाटन. अण्णा पायडल मारता मारता कोनाड्याकडे बघून म्हणायचे, "बोल की. मला म्हाईत हाय, तुलाबी म्हाईत हाय." लढाईची बातमी डिसेंबरात आली. त्या दिवशी सगळा बाजार रेडिओला कान लावून उभा होता आणि अण्णा एकटेच सुईत दोरा ओवत होते. त्यांच्यासाठी ती बातमी दीड महिना शिळी होती.

तेव्हापासून त्यांनी रेडिओवरचा एकेक माणूस तपासायला घेतला.

दर बुधवारी रात्री एक कौटुंबिक श्रुतिका लागायची. सासू, सून, थोरला भाऊ, धाकटा भाऊ, रडारड. बाजारातल्या बायका ती ऐकायला आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत आणि सुनेसाठी डोळे पुसत. तिसऱ्याच आठवड्यात अण्णांनी शोध लावला, की ही सासू आणि सोमवारी दुपारी महिलांच्या कार्यक्रमात पालेभाज्यांचे गुण सांगणारी बाई एकच आहे. "सोमवारी पालक शिजवाया शिकवती," ते भर पायरीवर म्हणाले, "अन् बुधवारी सुनंला उपाशी ठिवती. हिचं खरं काय धरायचं?" बायकांचा विरस झाला. साळूबाई, म्हणजे माझी आई, म्हणाली, "अवो, ती सोंग काढतीय. तिचा धंदाच हाय तो." अण्णांना हे पटलं, आणि म्हणूनच ते जास्त भडकले. सोंग काढणं हा ज्याचा धंदा, त्यानं पालकाबद्दल बोलूच नये, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी दार पकडलं. थोरल्या भावाचं दार, शेजाऱ्याचं दार, डॉक्टरचं दार, सगळी दारं सारखीच करकरत. "आख्ख्या पुण्याला मिळून एकच दार हाय," अण्णा म्हणाले. पाऊस म्हणजे सुपात पाखडलेले तांदूळ. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातला जो अडाणी गडी भोळेभाबडे प्रश्न विचारतो, त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, कारण तो प्रश्न संपायच्या आत श्वास सोडतो. फर्माइशीच्या गाण्यांत नावं वाचून दाखवतात ती माणसं जन्मालाच आलेली नाहीत. आलेली असती तर भिंगारहून पाठवलेल्या चार कार्डांतलं एक तरी नाव वाचलं असतं. ती चारही कार्डं मीच लिहिली होती. अण्णा सांगत आणि मी लिही. त्यांना लिहिता यायचं, पण अक्षर फार वाईट होतं. वाचायलाही ते कंटाळत. घरात आलेला प्रत्येक कागद मी मोठ्यानं वाचायचा, आणि त्यांनी मशीनवर बसून ऐकायचा, अशी आमची पद्धत.

एकदा पुण्याहून छापील उत्तर आलं, की आपल्या सूचनांचा विचार करण्यात येईल. मी वाचून दाखवलं. अण्णांनी ते परत वाचायला लावलं आणि म्हणाले, "सही हातानं केल्याली हाय का शिक्का हाय?" शिक्का होता. त्यांना बरं वाटलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या वर्षी मी एकोणिसाची झाले आणि घरात माझ्या लग्नाचं निघालं.

आमच्याकडे मुलगी दाखवायची म्हणजे मुलीनं चहा-पोहे आणायचे, पाटावर बसायचं, नाव सांगायचं, चार पावलं चालून दाखवायचं. अण्णांनी यात स्वतःची एक भर घातली. मुलगा आला की ते त्याच्याकडे पाठ करून मशीनवर बसत. "तोंडाला भुलतो माणूस," ते म्हणत. तसे पाठमोरे बसूनच ते एक प्रश्न विचारत: "सकाळी उठल्यापासनं काय काय करता, ते सांगा." नोकरी किती, शिक्षण किती, याची उत्तरं लोक घरून पाठ करून येतात. सकाळी उठल्यापासून काय करता, हे कुणी पाठ केलेलं नसतं.

तीन मुलं या प्रश्नात गेली. पहिल्याबद्दल अण्णा म्हणाले, हा वाचून बोलतोय. तो बिचारा हात मोकळे सोडून बसला होता. दुसऱ्याच्या आवाजात केसांच्या तेलाची जाहिरात होती. तिसरा वाक्यावाक्याला खाकरे. खाकरून बोलणारा माणूस पोटात काहीतरी ठेवूनच आलेला असतो, असा निकाल झाला. गोरक्षमामा, आईचा भाऊ, ही स्थळं आणायचा. तिसऱ्या वेळेला तो आईला म्हणाला, "आक्के, दाजींना एखादा मुका जावई बघू का?" आई हसली नाही. मलाही हसू आलं नाही. माझ्या बरोबरीच्या पोरी कडेवर पोरं घेऊन माहेरी येत होत्या, आणि मी मशीनजवळ बसून काजं करत होते, आणि माझ्या जन्माचं काय होणार हे माझ्या बापाचे कान ठरवणार होते. मला त्यांचा राग येत होता.

चौथं स्थळ कर्जतचं. मुलगा राधाकृष्ण, तालुक्याच्या कचेरीत कागदांच्या नकला करणारा कारकून. मामानं माहितीचा कागद मागवला, तो टपालानं आला. रिवाजाप्रमाणे मी वाचायला घेतला. अक्षर असं, की प्रत्येक ओळ पट्टीवर बसवलेली. वय, उंची, घरचे, जमीन. आणि शेवटी, निराळ्या शाईत:

'मला बोलताना अडखळायला होते. थोरले बंधू म्हणतात आधी कळवू नये, परंतु आपली फसवणूक होऊ नये असे मला वाटते. हे मुलीला सांगावे. तिची हरकत नसेल तरच आम्हास बोलवावे.'

मी थांबले. इतकी स्थळं आली, मुलीला विचारा म्हणून कुणी लिहिलं नव्हतं. माझ्या घरातही कुणी म्हटलं नव्हतं. त्या तीन ओळी मी मनातल्या मनात परत वाचल्या. आणि लगेच दुसरा विचार आला: अडखळणारा माणूस अण्णांच्या कानापुढं अर्धं वाक्यसुद्धा टिकायचा नाही.

"का थांबलीस?" मशीनवरून आवाज आला.

"पान उलटलं."

"उलटल्याचं ऐकू न्हाई आलं."

"ओळ चुकले हो, अण्णा. झालं, एवढंच आहे."

पायडल थांबलेलंच राहिलं. मी कागदाची घडी केली, आत गेले आणि चिंध्यांच्या गाठोड्यात तळाला कोंबली. मशीन परत सुरू व्हायला बराच वेळ लागला. त्यानंतर आठ दिवस अण्णा माझ्याशी बोलताना मान तिरकी करून बोलत होते, बुधवारच्या सासूचं ऐकताना करायचे तशी.

फाल्गुनात एका रविवारी मंडळी आली. राधाकृष्ण आणि त्यांचे थोरले भाऊ सूर्यभान, बरोबर गोरक्षमामा. रेडिओ बंद होता. अण्णा भिंतीकडे तोंड करून मशीनवर. मी पोहे ठेवले, पाटावर बसले, आणि एकदाच वर बघितलं. काळेसावळे, उंच, शर्टाची कॉलर नीट बसलेली. त्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि किंचित मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. त्यांना वाटत होतं मला सगळं सांगून, माझा होकार घेऊनच त्यांना बोलावलंय.

"सकाळी उठल्यापासनं काय काय करता, सांगा," अण्णा म्हणाले.

"पहाटं उठतो तो," सूर्यभान म्हणाले. "आडावरनं पानी आनतो, मग—"

"तुमाला न्हाई इचारलं. नवरदेवाला इचारलं."

"मास्तर, त्यो जरा लाजाळू हाय. कमी बोलतो."

"कमी बोलू द्या. पन त्याला बोलू द्या."

सूर्यभानांनी मामाकडे बघितलं, मामानं छताकडे. अण्णांची पाठ ताठ झाली. आता त्यांना वास लागला होता, आणि वास लागल्यावर ते सोडत नसत. "चार माणसं अशी गप बसली," ते भिंतीला म्हणाले, "म्हंजी कायतरी दडवलंय."

"स-स-स..." राधाकृष्ण म्हणाले. त्यांची मान ताणली गेली, डोळे मिटले. "स-सकाळी मी आ-आधी... च-च-चूल..." शब्द काही सुटेना. सूर्यभान पुढं होऊन बोलणार, तोच अण्णांनी हात वर केला. पाठमोरेच राहून.

"...प-पेटवतो," शेवटी शब्द सुटला. "आईला द-दम लागतो. ध-धुरानं."

 मग अण्णा स्टुलावर हळूहळू फिरले. मुलगा दाखवायच्या कार्यक्रमात त्यांचं तोंड पाहुण्यांनी पहिल्यांदाच बघितलं असेल. पण ते राधाकृष्णांकडे बघतच नव्हते. ते सूर्यभानांना म्हणाले, "हे आदी का न्हाई कळवलं? आमाला काय खुळं समजता व्हय?"

सूर्यभानांनी खाली मान घातली. राधाकृष्ण मात्र गोंधळून गेले. "क-क-कळवलं होतं," ते म्हणाले. "प-पत्रात. मी स्वतः ल-लिहिलं."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूर्यभानसुद्धा, कारण त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. राधाकृष्णांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की त्यांना कळून चुकलं: मला काहीच सांगितलेलं नाही, आणि आपण उगाच आलो. त्यांनी उठायला म्हणून हात जमिनीला टेकला.

"लंके," अण्णा मला नावानं हाक मारून म्हणाले. "पत्रात काय हुतं?"

"तुम्ही म्हणाल तसं, अण्णा," मी म्हणाले. हे उत्तरच नव्हतं. पण तोंडात तेवढंच आलं. अशा वेळेला पोरींनी म्हणायचं म्हणून शिकवलेलं.

"हा रेडिओतला आवाज झाला. तुझा काढ."

आई मधल्या दारातून म्हणाली, "जाऊ द्या हो, पोर घाबरलीय." अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, मान तिरकी नाही, सरळ.

"होतं पत्रात," मी म्हणाले. "तीन ओळी होत्या. मी वाचल्या नाहीत तुमच्यापुढं. लपवल्या."

"का?"

राधाकृष्ण अर्धवट उठलेले, तसेच थांबले.

"तुम्ही यांनाही घालवलं असतंत म्हणून!" मी ओरडलेच. रस्त्यावरून जाणारा एक जवान थबकून आत बघायला लागला. "सगळ्यांचे आवाज तपासता, माझा कधी ऐकलात का? यांनी लिहिलं होतं, मुलीला विचारा. तुम्ही कधी विचारलंत? मला हेच पाहिजेत. अडखळू देत नाहीतर काही होऊ दे, मला हेच पाहिजेत!"

गोरक्षमामानं पोह्याची बशी खाली ठेवली. पाटावर बसलेली मुलगी असं बोलली, हे कर्जतला पोचायला एक दिवससुद्धा लागला नसता, आणि सूर्यभानांचा चेहरा तसंच सांगत होता. मला रडू फुटलं. पदर तोंडाशी धरला तरी ते थांबेना.

अण्णा उठले. स्टूल मागं सारून खाली जमिनीवर, राधाकृष्णांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसले.

"पाव्हणं, तुमाला ऐकू आलं का ही काय म्हनाली ते?"

राधाकृष्णांनी तोंड उघडलं. शब्द येईना. सूर्यभान सवयीनं त्यांच्या वतीनं बोलायला गेले, तर अण्णांनी त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं, आणि आम्ही सगळे थांबलो.

"आ-आ-आलं," ते म्हणाले.